कुर्त्याच्या लेबलामागचा इतिहास



गेल्या वर्षी गणेशोत्सवाआधी आपल्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकासाठी १२० कुर्ते मागवायचे ठरले. कार्यकारिणीच्या बैठकीत नमुन्याचा कुर्ता हातोहात फिरला. कापड बरे होते, शिलाई सरळ होती, आणि किंमत इतकी कमी की पथकातल्या एका तरुण मुलीला राहवले नाही. ती म्हणाली, "एवढ्यात इथे दोन वडापाव आणि चहा येतो. मग हा शिवणाऱ्या बाईला काय मिळत असेल?" विक्रेत्याला विचारले तर त्याने लगोलग एक प्रमाणपत्र पाठवून दिले. कारखान्यात बालकामगार नाहीत, कायद्याचे पालन होते, बाहेरच्या संस्थेने तपासणी केली आहे, असे त्यात लिहिले होते. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. हे प्रमाणपत्र खरे मानायचे का?"

मी कामगारांचा इतिहास तीस वर्षे शिकवला, तरी त्या संध्याकाळी मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. कुर्ते आले, पथक वाजले, लोकांनी वाहवा केली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

साखरदाणीवरची अक्षरे

विकत घेतलेल्या वस्तूमागे कोणाचे हाल आहेत का, हे पाहून खरेदी करणे याला आज 'एथिकल सोर्सिंग' असे नाव आहे. मोठ्या दुकानसाखळ्यांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात आणि आपल्यापैकी काही जण तिथे नोकरीलाही आहेत. नाव नवे असले तरी कल्पना सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे.

१७९१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्सचा प्रस्ताव १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक पत्रक काढून लोकांना सांगितले की वेस्ट इंडीजची साखर आणि रम घेऊ नका. आपण घेतो म्हणून मळेवाला पिकवतो आणि गुलाम राबतो, तेव्हा या पापात आपलाही वाटा आहे, असा त्याचा सरळ हिशोब होता. चळवळीतला कार्यकर्ता टॉमस क्लार्कसन याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर सोडली. यात बायकांचा वाटा मोठा होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात कोणती साखर यायची हे त्या ठरवत. पुढे १८२० च्या दशकात लेस्टर गावातली एलिझाबेथ हेरिक घरोघर फिरून हाच प्रचार करत होती.

त्या काळातल्या काही साखरदाण्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न पिकवलेली' अशा अर्थाची अक्षरे त्यांवर रंगवलेली आहेत. नैतिक खरेदीचे इतके जुने लेबल, आणि त्यावर नाव आपल्या देशाचे! पण त्या लेबलाची दुसरी बाजूही पाहा. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामगिरीला कायद्याचा आधार नाही, असे ठरायला १८४३ साल उजाडले. म्हणजे साखरदाणीवर जे लिहिले होते त्याची खातरजमा हिंदुस्थानात कोणी केलेली नव्हती. आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवण्यात आल्यावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत कोण गेले? कराराने बांधलेले हिंदुस्थानी मजूर. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथे आपल्यासारखीच दिवाळी साजरी करतात.

साखर सोडणाऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांनी तयार केलेल्या जनमताचा गुलामगिरी संपवण्यात मोठा हात होता. पण लेबलाने एका प्रश्नाचे उत्तर दिले आणि बाकीचे प्रश्न झाकून ठेवले. मजुराला स्वतःला काय सांगायचे आहे, हे त्या साखरदाणीवर कुठेच नव्हते.

गिरणगावातला रविवार

मजुराने स्वतः सांगितल्यावर काय घडते, हे पाहायला आपल्या मुंबईतच जाऊ.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात ते तेरा तासांवर जाई. सहा-सात वर्षांची मुलेही कामाला असत. याविरुद्ध पहिली मोठी ओरड कोणी केली असेल? लँकेशायरच्या गिरणीमालकांनी. त्यांच्याकडे कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन होते, मुंबईत नव्हते, आणि मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या मालाशी स्पर्धा करत होते. त्यांच्या बोलण्यात दया होती आणि धंदाही होता. मुंबईच्या मालकांनी त्यावर नेमके बोट ठेवले. ही दया नसून मत्सर आहे, असे ते म्हणाले. त्या वेळच्या अनेक देशी वृत्तपत्रांनीही कारखाना कायद्याला विरोधच केला. शेवटी १८८१ चा कायदा झाला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना काम बंद झाले आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आली. मोठ्या माणसांसाठी मात्र तासांची काहीच मर्यादा नव्हती.

एक मालक दुसऱ्या मालकाला नीती शिकवत होता. या सगळ्या वादात गिरणी कामगाराला कोणी विचारले नव्हते. ते काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे ५५०० जणांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात, आणि काम करताना जायबंदी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १० हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात ती आली.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सहा दिवस आमचे घर भोंग्यावर चाले. रविवारी सकाळी ते डोक्याला तेल लावून न्हात आणि दुपारी चाळीच्या गच्चीवर भजनी मंडळाच्या तालमीला जात. मृदंग ते वाजवत. त्या रविवारामागे दोन अनोळखी बायकांची भाषणे आहेत, हे मला पुढे एम.ए.ला असताना कळले. वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत का कोणी?"

पांढरे लेबल

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ग्राहकांची बाजू संघटित होत होती. जोसेफीन शॉ लोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९१ मध्ये न्यूयॉर्कची कंझ्युमर्स लीग स्थापन केली. दुकानात काम करणाऱ्या मुलींना नीट वागवणाऱ्या दुकानांची त्या 'श्वेतयादी' काढत. १८९९ मध्ये राष्ट्रीय लीग स्थापन झाली आणि फ्लोरेन्स केली तिच्या सचिव झाल्या. या बाई इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक राहिलेल्या. कारखान्याची पायरी रोज चढलेल्या, त्यामुळे त्यांना नुसत्या गोड शब्दांवर भागवणे ठाऊक नव्हते.

त्यांनी बायका-मुलांच्या सुती अंतर्वस्त्रांसाठी एक पांढरे लेबल काढले. ते मिळवायला चार अटी होत्या. राज्याचा कारखाना कायदा पाळला पाहिजे. सगळा माल कारखान्याच्या आवारातच तयार झाला पाहिजे, गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिवायला पाठवायचा नाही. जादा वेळ काम नको. सोळा वर्षांखालचे मूल कामावर नको. लीगची माणसे कारखान्यात जाऊन पाहणी करत. आपल्या विक्रेत्याने पाठवलेल्या प्रमाणपत्राचा हा पूर्वज.

आणखी एक गोष्ट लीगने केली आणि ती मला फार आवडते. नाताळची खरेदी लवकर करा, असा प्रचार त्यांनी चालवला. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली की दुकानातल्या मुलींना रात्री उशिरापर्यंत उभे राहावे लागे. गिऱ्हाइकाची घाई कोणाच्या तरी पायांवर येते, हे त्या बायकांनी ओळखले होते.

लेबलाच्या अटींत दोन गोष्टी नव्हत्या, मजुरीचा दर आणि संघटना करण्याचा हक्क. कपडे शिवणाऱ्या मुलींना मात्र याच दोन गोष्टी हव्या होत्या. नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना क्लारा लेमलिक नावाची तरुण कामगार उठली आणि संपाचा ठराव मांडून मोकळी झाली. वीस हजारांवर मुली संपावर गेल्या. बऱ्याच कारखान्यांनी संघटनेशी करार केला. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने मात्र संघटनेला मान्यता दिली नाही.

२५ मार्च १९११, शनिवार. सुट्टीची वेळ झाली होती आणि ट्रँगलच्या आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्याचे एक दार कुलूपबंद होते. मुली काही चोरून नेत नाहीत ना, हे पाहण्यासाठी सगळ्यांना एकाच दाराने बाहेर सोडत. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचल्या. १४६ जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुण मुली. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ ती इमारत आजही उभी आहे. २०२३ मध्ये तिथे स्मारक झाले. पोलादी पट्टीत मृतांची नावे कोरली आहेत. शहरात गेलात की आवर्जून पाहून या. माझ्या वडिलांचा प्रश्न मला तिथे आठवला.

ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्यांत एक तिशीची बाई होती, फ्रान्सिस पर्किन्स, न्यूयॉर्क कंझ्युमर्स लीगच्या सचिव. ग्राहकांच्या संघटनेची ही बाई आगीनंतरच्या चौकशी आयोगाच्या कामात उतरली. आमदारांना कारखाने प्रत्यक्ष दाखवले गेले, न्यूयॉर्क राज्यात कायद्यांची मालिका झाली. १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या आणि १९३८ मध्ये किमान वेतन, कामाचे तास आणि बालमजुरी यांचा देशव्यापी कायदा झाला. पांढरे लेबल लीगने १९१८ मध्येच थांबवले होते. लेबल गेले तरी लीगची माणसे कायद्यामागे उभी राहिली, आणि टिकला तो कायदा.

एक शब्द, दोन शहरे

इथे मला एका शब्दाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. तो शब्द म्हणजे 'जॉबर'.

मुंबईच्या गिरणीत जॉबर म्हणजे माणसे भरणारा मुकादम. माझे आजोबा रत्नागिरीहून आले ते गावच्या जॉबरच्या ओळखीने गिरणीत चिकटले. जॉबर ठेवील तर काम, काढील तर घरी. काही बिनसले तर मालक म्हणे, "जॉबरला विचारा." न्यूयॉर्कच्या कपडा धंद्यातही जॉबर होता, पण वेगळा. तो कापड घेई, नमुने ठरवी, मोठ्या दुकानांना माल विके. शिलाईचे काम मात्र लहान कंत्राटदारांना वाटून देई. शिवणाऱ्या बाईची मजुरी बुडाली तर तो म्हणे, "ती माझी कामगार नाही, कंत्राटदाराला विचारा."

एक कामगाराच्या बाजूचा दलाल, दुसरा दुकानाच्या बाजूचा व्यापारी. दोघांच्या असण्याचा उपयोग मात्र एकच, जबाबदारी मध्येच अडवणे. नफा साखळीतून वर जातो आणि दोष खाली येतो.

न्यूयॉर्कच्या कपडा कामगार संघटनेने यावर १९२० आणि १९३० च्या दशकांत उपाय शोधला. त्यांनी कंत्राटदाराबरोबरच जॉबरशीही करार केले. काम ठरलेल्या, संघटना असलेल्या कंत्राटदारांकडेच द्यायचे, ठरलेली मजुरी परवडेल असा भाव त्यांना द्यायचा, आणि मजुरी थकली तर जबाबदारी जॉबरची. ज्याच्या हातात पैसा त्याच्याच गळ्यात जबाबदारी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा शोध आहे आणि दुर्दैवाने सर्वांत लवकर विसरलेला.

सावारची इमारत

विसरायला कारण होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाईचे काम न्यूयॉर्कमधून दक्षिणेकडची राज्ये, मग मध्य अमेरिका आणि आशिया असे सरकत गेले. साखळी समुद्रापार गेली आणि जुने करार मागे राहिले. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांतून कारखान्यांचे हाल छापून येऊ लागले, तेव्हा कंपन्यांनी आचारसंहिता लिहिल्या. त्या पाळल्या जातात का, हे पाहायला तपासनीस नेमले गेले. तपासणीचाच एक धंदा झाला. खर्च बहुधा कारखानदाराने किंवा खरेदीदाराने द्यायचा, अहवाल त्यांच्याचकडे जायचा, कामगाराला तो वाचायलाही मिळायचा नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या एका कपडा कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसे मेली. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एक नावाजलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तारीख लक्षात आली का? लोखंड्यांच्या सभेची तीच तारीख, १२३ वर्षांनंतरची. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवले. वरच्या पाच कपडा कारखान्यांतल्या कामगारांना सकाळी कामावर बोलावले गेले. आत जायला ते कचरत होते, पण पगार कापण्याची धमकी होती. ११०० हून अधिक माणसे गेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांतल्या काही कारखान्यांच्याही तपासण्या झालेल्या होत्या. इमारत मजबूत आहे का, हे तपासणे त्यांच्या यादीतच नव्हते. पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती. आत जायला सगळ्यांनी मिळून नकार द्यायचा, तर त्यासाठी पाठीशी कोणीतरी लागते.

कागद कोणाच्या हातात?

त्यानंतर मे २०१३ मध्ये जो करार झाला त्याला 'बांगलादेश अकॉर्ड' म्हणतात. एका बाजूला कपडे खरेदी करणाऱ्या कंपन्या, ज्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली, आणि दुसऱ्या बाजूला जागतिक व बांगलादेशी कामगार संघटना. सोळाशेच्या आसपास कारखाने त्याखाली आले. स्वतंत्र अभियंत्यांनी इमारती तपासल्या आणि अहवाल जाहीर केले. दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहणे खरेदीदारावर बंधनकारक होते. धोका दिसला तर काम नाकारण्याचा हक्क कामगाराला होता. आणि खरेदीदाराने शब्द मोडला तर लवादाकडे जाता येत होते. संघटना खरोखरच हेगच्या लवादाकडे गेल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये एका कंपनीने सुमारे २३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. न्यूयॉर्कच्या त्या जुन्या जॉबर करारांचाच हा नवा अवतार. अमेरिकेतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी अकॉर्डमध्ये न जाता आपली वेगळी योजना काढली. तिच्यात कामगार संघटनांना करारातली समान भागीदारी नव्हती.

अकॉर्डने सगळे प्रश्न सोडवले, असे मी म्हणणार नाही. तो इमारती आणि आगीपुरता होता, मजुरीपुरता नव्हता. २०२३ मध्ये बांगलादेशी कामगारांनी महिना २३ हजार टाका किमान वेतन मागितले, मिळाले १२,५०० टाका. आंदोलनात काहींचे जीव गेले.

असे उदाहरण पाहायला परदेशातच जायला हवे असेही नाही. हिवाळ्यात आपण आणतो त्यांतले काही टोमॅटो फ्लोरिडाचे. तिथल्या इमोकली गावच्या शेतमजुरांनी शेतमालकाशी झगडण्याबरोबरच साखळीचे वरचे टोक गाठले. आधी फास्टफूडच्या साखळ्या, मग मोठी किराणा दुकाने. एका पौंडामागे एक पेनी जास्त द्या आणि नियम मोडणाऱ्या शेताकडून माल घेणे थांबवा, एवढीच मागणी होती. पहिली मोठी कंपनी चार वर्षांच्या बहिष्कारानंतर २००५ मध्ये राजी झाली. नियम मजुरांनी लिहिले, आणि तक्रारीसाठी फोन उचलणारे कोणी तरी रात्री-अपरात्रीही असते. तिथे तपासनीस वर्षातून एकदा येतो तो वेगळाच. शेतावरचा मजूर मात्र रोज तपासत असतो.

पुन्हा साखरेकडे

आता पुन्हा साखरेकडे वळू, कारण घरोघरी करंज्या आणि शंकरपाळ्यांचे दिवस आहेत.

दिवाळीच्या आगेमागे बीडमधून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोड करायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी, बाळंतपण, आजारपण, सगळेच खाड्यात जाते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. २०२४ मध्ये इथल्या वर्तमानपत्राने हाच धागा पुढे नेला. या पट्ट्यातली साखर जगातल्या मोठ्या शीतपेय कंपन्यांकडे जाते, हे अमेरिकेतल्या वाचकांना तेव्हा कळले. महाराष्ट्रातल्या काही साखर कारखान्यांना चांगल्या उसाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रेही मिळालेली आहेत. तोडणी कामगारांचे विचाराल तर कारखाना म्हणतो, ते मुकादमाचे. शीतपेय कंपनी म्हणते, कारखान्याला विचारा.

जॉबर भेटला ना पुन्हा?

आपले १२० कुर्ते

तर पथकातल्या त्या मुलीला माझे उत्तर असे. प्रमाणपत्र खोटे असेलच असे नाही. पण ते खरे असूनही फार थोडे सांगू शकते. त्यावर काय लिहिले आहे यापेक्षा दोन गोष्टी बघाव्या. त्यातली बांधिलकी मधल्या माणसाला ओलांडून विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचते का, आणि ती मोडली तर कामगाराला काही करता येते का. साखरदाणीवर या दोन्ही गोष्टी नव्हत्या. लोखंड्यांच्या अर्जावर कामगारांच्या सह्या होत्या. अकॉर्डमध्ये दोन्ही होत्या.

आणि विकत घेणारे म्हणजे केवळ मोठ्या कंपन्या नव्हेत. गेल्या वर्षी आपण काय केले ते आठवा. रंगावर महिनाभर चर्चा केली, संख्या दोनदा बदलली आणि शेवटी तीन आठवड्यांत माल हवा म्हणून विक्रेत्याच्या मागे लागलो. त्या तीन आठवड्यांत कोणाच्या तरी रात्री गेल्या असणार. भाव पाडून घेतल्याचा आनंदही आपण साजरा केला. घासाघीस करताना मीही त्यात होते, हे कबूल करते.

या वर्षी कार्यकारिणीने माझ्या तीन सूचना मान्य केल्या. ऑर्डर मार्चमध्येच पक्की करायची आणि नंतर बदलायची नाही. विक्रेत्याला कारखान्याचे नाव आणि गाव विचारायचे. आणि तिथे कामगारांची संघटना आहे का, तक्रार कोणाकडे करता येते, हे लेखी विचारायचे. १२० कुर्त्यांनी जग बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यापैकी जे मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात बसतात, त्यांच्या एका सहीमागे लाखो कुर्ते असतात. हेच तीन प्रश्न त्यांनी आपल्या टेबलावर ठेवावेत, अशी माझी त्यांना विनंती आहे. ज्यांचे निवृत्तीचे पैसे अशा कंपन्यांच्या समभागांत आहेत, त्यांनाही भागधारक म्हणून विचारता येते.

विक्रेत्याने कारखान्याचे नाव आणि गाव कळवले. संघटनेबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर हा लेख छापायला जाईपर्यंत आलेले नाही. मी पुन्हा पत्र पाठवले आहे.

पथकाचा सराव नेहमीप्रमाणे रविवारी, शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये. मी खुर्ची घेऊन बसते आणि ढोल ऐकते. वडिलांचा मृदंग आठवतो, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या दोघी आठवतात.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!